एका गोगलगायीचा हिशेब

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण मराठी घरात नेहमी कानावर पडते. वरकरणी गरीब दिसणाऱ्या आणि आतून बेरकी असणाऱ्या माणसाला ती लावली जाते. म्हणीतला टोमणा क्षणभर बाजूला ठेवला, तर तिच्यातले निरीक्षण अगदी अचूक आहे. गोगलगायीचे पोट हाच तिचा पाय. प्राणिशास्त्राने या प्राण्यांच्या वर्गाला दिलेले नाव ग्रीक भाषेतील 'पोट' आणि 'पाय' या दोन शब्दांचेच बनलेले आहे आणि मराठी परिभाषेत त्याला 'उदरपाद' म्हणतात. ग्रीक पंडित आणि मराठी गृहिणी या दोघांनी एकच गोष्ट पाहिली, हा योगायोग मोठा रम्य आहे.

पोटावर चालणाऱ्या या जीवाची एक मर्यादा मात्र म्हणीत येत नाही. त्याला आपली जागा सोडून दूर जाता येत नाही. नदीचा स्वभाव बदलला, तर मासा पोहून दुसरीकडे जातो, पक्षी उडून जातो, माणूस गाठोडे बांधून का होईना, पण निघतो. नदीतली गोगलगाय ज्या खडकावर जन्मते, त्याच खडकाच्या आसपास जगते आणि मरते. नदी तिच्या सोयीची राहिली नाही, तर तिच्यासमोर दुसरा मार्ग नसतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील कूसा नदीत गेल्या शतकात नेमके हेच घडले. गोड्या पाण्यातील गोगलगायींचा एक संपूर्ण वंश त्या नदीतून, म्हणजेच पृथ्वीवरून नाहीसा झाला. त्या घटनेची ना कुठे बातमी झाली, ना कुणी शोक केला.

हजारो मैलांवरच्या एका किरकोळ प्राण्याच्या मृत्यूचे मराठी माणसाला काय, असा प्रश्न येथे कुणीही विचारू शकेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी आधी ती हकीकत नीट समजून घ्यावी लागेल.

वाहत्या पाण्याची प्रजा

जॉर्जिया राज्यातील रोम या गावी ऊस्टनॉला आणि एटोवा या दोन नद्यांचा संगम होतो आणि तेथून कूसा नदी सुरू होते. सुमारे साडेचारशे किलोमीटर नैर्ऋत्येकडे वाहत ती माँटगोमेरी शहराच्या वरच्या अंगाला टॅलापूसा नदीला मिळते. दोघींची मिळून अलाबामा नदी होते आणि पुढे हे पाणी मोबील आखातात, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात जाते.

धरणांपूर्वीची कूसा ही खडकाळ, उथळ आणि खळाळती नदी होती. मैलोन्‌मैल पसरलेले खडकांचे पट्टे, त्यांवरून फेसाळत धावणारे पाणी आणि मधूनमधून खोल डोह असे तिचे रूप होते. नदीच्या खालच्या टप्प्यावर वेटम्पका नावाचे गाव आहे. हे नाव तेथील मूळच्या क्रीक, म्हणजेच मस्कोगी लोकांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ 'घुमणारे पाणी' असा आहे. १८३६ मध्ये या लोकांना सैन्याच्या बळावर त्यांच्या भूमीतून पश्चिमेकडे हाकलण्यात आले. नाव ठेवणारे गेले, नाव तेवढे राहिले. पुढे शंभर वर्षांच्या आत नदीचे घुमणेही गेले.

या खडकाळ पट्ट्यांवर गोगलगायींची एक समृद्ध प्रजा नांदत होती. त्यांतला 'जायरोटोमा' हा वंश विशेष म्हणावा असा होता. बोटाच्या पेराएवढा मजबूत शंख आणि त्याच्या तोंडाच्या वरच्या कडेला आत गेलेली एक फट, ही त्याची ओळख. इंग्रजीत त्यांना याच फटीवरून नाव मिळाले. या वंशातल्या सहा जाती आज जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या तांबड्या यादीत 'नामशेष' या मथळ्याखाली आहेत. कूसा नदीखेरीज जगात दुसरीकडे कुठेही हा वंश नव्हता.

या जीवांचे जीवनमान समजून घेतले, म्हणजे त्यांच्या अंताचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. त्या कल्ल्यांनी श्वास घेत, म्हणजे त्यांना प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागे. खडकावर उगवणारे शेवाळ खरवडून त्या पोट भरत, म्हणजे जेथवर सूर्यप्रकाश पोहोचतो असे उथळ पाणी लागे. अंडी त्या स्वच्छ, कठीण पृष्ठभागावर चिकटवत, म्हणजे गाळ नसलेला दगड लागे. समुद्रातील अनेक शंखवर्गीयांची पिल्ले सुरुवातीला पाण्यावर तरंगत दूरवर जातात. नदीतल्या या कुळाला ती सोय नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू थेट त्याच दगडावर सरपटू लागते. थोडक्यात, वाहते पाणी, उजेड आणि स्वच्छ दगड या तीन गोष्टींवर त्यांचा सारा संसार उभा होता. धरण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी काढून घेते.

सात धरणे

कूसा नदीवर बोटींची वाहतूक करणारे कॅप्टन विल्यम पॅट्रिक ले यांनी १९०६ मध्ये अलाबामा पॉवर कंपनी स्थापन केली. त्यांचेच नाव लाभलेले 'ले' धरण १९१४ मध्ये पूर्ण झाले. १९२३ मध्ये मिचेल आणि १९२८ मध्ये जॉर्डन धरण झाले. मग काही काळ उसंत मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कामाला पुन्हा वेग आला आणि १९६१ मध्ये वाईस, १९६४ मध्ये लोगन मार्टिन, १९६६ मध्ये नीली हेन्री आणि १९६७ मध्ये बोल्डिन अशी आणखी चार धरणे झाली. त्रेपन्न वर्षांत सात धरणे. अलाबामातील जवळजवळ सारी कूसा एकापुढे एक अशा जलाशयांची माळ बनली.

खळाळते पट्टे खोल, संथ पाण्याखाली गेले. तळाशी उजेड पोहोचेना, प्राणवायू घटला आणि खडकांवर गाळाचा थर बसला. गोगलगायी मारण्याचा हेतू कुणाचाही नव्हता. त्यांच्यावर कुणी विष टाकले नाही, कुणी त्यांची शिकार केली नाही. त्या फक्त बुडाल्या. पाण्यात राहणारा जीव पाण्यात बुडून मरावा, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण वाहणारे पाणी आणि साचलेले पाणी हे त्यांच्या दृष्टीने दोन वेगळे देश होते.

जायरोटोमाबरोबर त्या खोऱ्यातील गोगलगायींच्या इतरही अनेक जाती गेल्या. सर्व मिळून मोबील खोऱ्यातून नाहीशा झालेल्या गोगलगायींची संख्या तीसहून अधिक भरते. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांतील गोड्या पाण्यातल्या सर्व गोगलगायींचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ७०३ जातींपैकी ६७ जाती नामशेष किंवा बहुधा नामशेष ठरल्या. संकटात असलेल्या आणि गेलेल्या अशा जाती एकत्र धरल्या, तर हे प्रमाण ७४ टक्के होते. श्रीमंत, सुशिक्षित आणि विज्ञानात अग्रेसर म्हणवणाऱ्या देशातले हे आकडे आहेत.

नोंद होती, विचारणा नव्हती

या हकीकतीतला सर्वांत बोचरा भाग पुढेच आहे. या जीवांची माहितीच नव्हती, अशी सबब येथे सांगता येत नाही. फिलाडेल्फियाचे ग्रंथप्रकाशक आणि हौशी अभ्यासक आयझॅक ली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच कूसा खोऱ्यातील अनेक गोगलगायींची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली होती. हर्बर्ट हंटिंग्टन स्मिथ या संग्राहकाने धरणांपूर्वीच्या कूसा नदीतून अपार कष्टाने शंख गोळा केले. ते अलाबामाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे क्युरेटर होते. त्यांना ऐकू कमी येत असे आणि त्यापायी १९१९ मध्ये आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. त्यांनी जमवलेले शंख मात्र जतन झाले. मिशिगन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातील कॅल्विन गुडरिच यांनी १९२४ मध्ये केवळ जायरोटोमा या एका वंशावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला.

ते साल लक्षात घेण्यासारखे आहे. १९२४ मध्ये दोन धरणे उभी होती आणि तिसरे चार वर्षांवर आले होते. म्हणजे एका टेबलावर या जीवांचे शंख मोजले जात होते, त्यांच्या फटींची लांबी तपासली जात होती, जातींची नावे निश्चित केली जात होती. आणि त्याच वेळी दुसऱ्या टेबलावर त्याच नदीचे नकाशे पसरून भिंतींची उंची ठरत होती. ही दोन टेबले एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. अभ्यासक अभ्यासात मग्न होता आणि अभियंता बांधकामात. दोघेही आपापल्या कामात प्रामाणिक होते. या दोन प्रामाणिक माणसांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक वंश संपला.

कायदाही उशिरा आला. संकटग्रस्त जीवांना संरक्षण देणारा अमेरिकेचा प्रसिद्ध कायदा १९७३ चा, म्हणजे सातवे धरण पूर्ण झाल्यानंतर सहा वर्षांनी आलेला. जायरोटोमाला संरक्षित यादीत जाण्याची संधीच मिळाली नाही. ज्यांना ती मिळाली, त्यांतल्याही सर्वांना ती वेळेवर मिळाली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने २१ जीवजाती नामशेष झाल्याचे जाहीर करून त्या यादीतून काढल्या. त्यांत गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या ८ जाती होत्या. आजारी माणूस अत्यवस्थ झाल्यावर वैद्याला बोलवावे, तसाच हा प्रकार.

आज जायरोटोमा अस्तित्वात आहे तो संग्रहालयांच्या कपाटांत. कापसात ठेवलेले रिकामे शंख आणि शेजारी जुन्या शाईतल्या चिठ्ठ्या. नदीच्या ज्या पट्ट्याचे नाव त्या चिठ्ठीवर असते, तो पट्टा जलाशयाच्या तळाशी असतो.

विजेची बाजू

येथे दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. धरण बांधणारे कुणी खलपुरुष नव्हते. अमेरिकेचा दक्षिण भाग यादवी युद्धानंतर दीर्घकाळ दारिद्र्यात होता. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ग्रामीण भागात सुमारे दहातल्या एकाच घरी वीज होती आणि म्हणूनच १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणासाठी तेथील सरकारला वेगळी यंत्रणा उभारावी लागली. चुलीच्या धुरात आणि कंदिलाच्या उजेडात आयुष्य काढणाऱ्या बाईला विजेचा दिवा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. कोयनेच्या विजेवर ज्या महाराष्ट्राचे कारखाने चालले आणि ज्या महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पंखे फिरले, त्याने कूसाच्या धरणांवर तुच्छतेने बोट ठेवणे हा ढोंगीपणा ठरेल.

म्हणून खरा प्रश्न 'वीज की गोगलगाय' असा नाही. तसा प्रश्न उभा करणारे दोन्ही बाजूंचे लोक विषय सोपा करून टाकतात. एक जण म्हणतो, माणसापुढे गोगलगायीची काय मातब्बरी? दुसरा म्हणतो, धरण म्हणजे पापच. दोघांनाही अभ्यास करावा लागत नाही. खरा प्रश्न अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक उपयोगाचा आहे: सातही धरणे याच जागी, याच पद्धतीने आणि नदीत एक थेंबही न सोडता चालवणे भाग होते काय? एखादा खळाळता पट्टा राखून ठेवता आला नसता काय? या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी 'नाही' असे आले असते, तर तो एक निर्णय ठरला असता. पण प्रश्नच विचारला गेला नाही. जाणूनबुजून मोजलेली किंमत आणि हिशेबातच न धरलेली किंमत यांत फार अंतर आहे. पहिलीला त्याग म्हणता येईल. दुसरीला बेफिकिरी हाच शब्द आहे.

थोडेसे पाणी

हा प्रश्न पोकळ नव्हता, याचा पुरावा त्याच नदीने पुढे दिला. कूसा खोऱ्यात 'ट्युलोटोमा मॅग्निफिका' नावाची दुसरी एक गोगलगाय आहे. तिच्या शंखावर गाठींच्या ओळी असतात आणि ती अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. १९९१ मध्ये तिला 'संकटग्रस्त' म्हणून संरक्षण मिळाले. याच सुमारास, १९९० च्या दशकात, जॉर्डन धरणातून खालच्या पात्रात सतत काही किमान पाणी सोडण्याची व्यवस्था झाली. त्याआधी वीजनिर्मितीच्या सोयीप्रमाणे पाणी अडवले आणि सोडले जाई. किमान प्रवाह सुरू झाल्यावर धरणाखालच्या खडकांवर ही गोगलगाय पुन्हा बहरू लागली. इतर ठिकाणीही तिच्या वस्त्या सापडल्या. २०११ मध्ये तिची श्रेणी एका पायरीने सुधारून 'संकटग्रस्त' वरून 'संकटाच्या वाटेवरची' अशी करण्यात आली.

धरण पाडावे लागले नाही. वीज बंद पडली नाही. वर्षभर थोडेसे पाणी वाहते ठेवणे एवढाच उपाय होता. हा उपाय सत्तर वर्षे आधी सुचला असता, तर जायरोटोमाच्या सहा जातींपैकी एखादी तरी आज जिवंत असती, असे मानायला जागा आहे. उपाय महाग होता म्हणून टळला नाही. कुणी मागितला नाही म्हणून टळला.

याच खोऱ्यातली तिसरी कथाही विचारात घेण्याजोगी आहे. कहाबा नदीतील 'लेप्टॉक्सिस कॉम्पॅक्टा' ही गोगलगाय १९३० च्या दशकानंतर कुणाला दिसली नव्हती. २००० मध्ये ती अधिकृतपणे नामशेष ठरली. २०११ मध्ये नेथन व्हीलन या संशोधक विद्यार्थ्याला ती कहाबा नदीच्या एका छोट्या टप्प्यात जिवंत सापडली. पाऊण शतक ती तेथेच होती. तिच्याकडे कुणी नीट पाहिले नव्हते. या घटनेतून दोन गोष्टी कळतात. पहिली, मृत्यूचा दाखला घाईने देऊ नये. कारण एकदा 'गेली' म्हटले की शोध थांबतो आणि उरलेसुरले संरक्षणही संपते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ती गोगलगाय ज्या कहाबा नदीत सापडली, ती नदी कूसासारखी धरणांनी अडवलेली नाही. नदी वाहती राहिली, म्हणून चूक सुधारण्याची संधी राहिली. कूसामध्ये तशी संधी उरली नाही.

सह्याद्रीच्या कड्यावर

आता मूळ प्रश्नाकडे परतायला हरकत नाही. मराठी माणसाला या हकीकतीचे काय? त्याचे उत्तर सह्याद्रीच्या कड्यांवर, धबधब्यांच्या तुषारांत भिजलेल्या काळ्या दगडावर आहे.

तेथे 'क्रेम्नोकॉन्कस' नावाच्या गोगलगायींचा वंश राहतो. नावाचा अर्थच 'कड्यावरचा शंख' असा आहे. समुद्रकाठच्या खडकांवर राहणाऱ्या गोगलगायींचे एक मोठे कुल जगभर पसरलेले आहे. त्या संपूर्ण कुलात गोड्या पाण्यात राहणारा हा एकमेव वंश आहे आणि तो जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो. समुद्राचा हा वंशज डोंगरकड्यावर, पाण्याच्या पातळ पापुद्र्याखाली संसार थाटून बसला आहे. दख्खनच्या खडकांचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जीवांची नोंद केली. १८६३ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या एका जातीच्या नावातच सह्याद्री आहे, 'सह्याद्रेन्सिस'. त्यानंतर दीर्घकाळ या वंशातल्या तीनच जाती ज्ञात होत्या आणि तिन्ही महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरच्या. २०१३ मध्ये डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ या अभ्यासकांनी कर्नाटकातील घाटातून आणखी सहा जातींची भर घातली. त्यांतल्या एकीचे नाव त्यांनी 'हनुमानी' असे ठेवले. समुद्र ओलांडून डोंगर गाठणाऱ्यासाठी याहून समर्पक नाव सुचणे कठीण!

कूसाच्या गोगलगायींचे आणि या जीवांचे दैव एकाच धाग्याला बांधलेले आहे. दोघांनाही स्वच्छ, उथळ, वाहते पाणी हवे आणि दोघांनाही आपला दगड सोडून जाता येत नाही. इतिहासातली सालेही विलक्षण जुळतात. ले धरण १९१४ चे, तर टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे. मिचेल १९२३, तर भिवपुरी १९२२. जॉर्डन १९२८, तर भिरा १९२७. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच पिढीने एकाच उमेदीने नद्या अडवल्या. मुळशीच्या पाण्याखाली जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळचा शेतकरी उठला आणि सेनापती बापट त्याच्या पाठीशी उभे राहिले. माणसाला निदान सत्याग्रह करता आला. त्याच पाण्याखाली दगडांवरचे कोणते जीव गेले, याची कुणी विचारपूसही केली नाही. तेव्हा ती करण्याची रीतच नव्हती.

आता ती रीत आहे. २०११ मध्ये पश्चिम घाटातील गोड्या पाण्यातल्या १,१४६ जीवजातींचा आढावा घेण्यात आला, तेव्हा त्यांपैकी सुमारे १६ टक्के जाती नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचे दिसले. देशात पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाचा नियम १९९४ पासून आहे आणि २००६ मध्ये तो नव्याने घालून दिला गेला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ पासून कार्यरत असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. गंगेच्या वरच्या टप्प्यातील धरणांतून किमान प्रवाह सोडण्याचा आदेश ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने काढला. म्हणजे कूसाच्या काळात जे नव्हते, ते सारे आज कागदावर आहे. तेव्हा माहीत नव्हते, ही सबब १९२४ सालीही खरी नव्हती. आता तर ती तोंडातून काढण्याचीही सोय नाही.

मुंगीला साखर, गोगलगायीला काय?

मुंग्यांच्या वारुळाशी चिमूटभर साखर ठेवणारी आजी अजूनही अनेक घरांत आहे. जेवणाआधी गाईचा आणि काकबळीचा घास बाजूला काढण्याची रीतही अनेकांनी पाहिली आहे. लहानात लहान जीवाचे काहीतरी देणे लागते, ही भावना या समाजाला शिकवावी लागत नाही. पण भावना आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंगीला साखर घालणाऱ्या हातांनीच पावसाळी सहलीत धबधब्याखाली साबण लावून आंघोळ होते, चिवड्याच्या रिकाम्या पिशव्या त्याच ओहोळात जातात, आणि घाटरस्ता रुंद करताना फोडलेल्या कड्याचा राडारोडा खालच्या प्रवाहात ढकलला जात असता कुणी गाडीची काचही खाली करत नाही. भक्ती आहे, पण हिशेब नाही. कूसामध्ये उलट होते. तेथे हिशेब कपाटात होता आणि तो मांडण्याची तळमळ कुणाला नव्हती. भावना आणि नोंद एकत्र आल्याशिवाय एकही जीव वाचत नाही.

यासाठी फार मोठ्या आंदोलनाची गरज नाही. घाटमाथ्यावरच्या प्रत्येक गावाच्या नोंदवहीत वाघ-बिबट्यांबरोबर ओढ्यातील शंख-शिंपल्यांनाही एक पान मिळावे. गावातल्या शाळेचे विद्यार्थी, गडकिल्ल्यांवर दर रविवारी जाणारे तरुण, सेवाकार्यात रमलेले कार्यकर्ते आणि महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक यांनी मिळून एक पावसाळा ठरवला, तरी एकेका तालुक्यातील धबधब्यांची प्राथमिक पाहणी होऊ शकेल. शंख गोळा करून घरी आणायचे नाहीत; जागा, दिनांक आणि छायाचित्र एवढेच नोंदवायचे. नवा बंधारा, नवा रस्ता, नवे पर्यटनस्थळ यांचा प्रस्ताव येईल, तेव्हा जनसुनावणीत एक साधा प्रश्न विचारायचा: या पाण्यात काय राहते, हे कुणी पाहिले आहे काय? आणि जेथे धरण आधीच आहे, तेथे वर्षभर थोडे पाणी वाहते ठेवता येईल काय? पहिल्या प्रश्नाने प्रकल्प अडत नाही, तो डोळसपणे होतो. दुसऱ्या प्रश्नाचे मोल ट्युलोटोमाने दाखवून दिलेच आहे.

नदीतली गोगलगाय दगडावरचे शेवाळ खरवडते, पात्र स्वच्छ ठेवते, माशांच्या आणि कासवांच्या पोटी जाते. तिचा हा उपयोग सांगता येतो आणि सांगितलाही पाहिजे. पण उपयोग हे तिच्या जगण्याचे एकमेव कारण मानले, तर उपयोग संपताच तिच्यावर पाणी सोडण्याची वाट मोकळी होते. लाखो वर्षांच्या घडणीतून आलेला जीव कुणाच्या उपयोगासाठी येथे आलेला नाही. तो येथे आहे, एवढे त्याला राहू देण्यास पुरेसे कारण असले पाहिजे. विकासाच्या मार्गावरून पुढे जाणाऱ्या समाजाने थोडे खाली पाहून पाऊल टाकले, तर त्याची गती कमी होत नाही.

कूसा नदीवर आज एकापुढे एक जलाशय आहेत. त्यांच्या काठी सुंदर घरे आहेत, संध्याकाळी होड्या फिरतात आणि दिवे लागतात. त्या दिव्यांची किंमत किती होती, हे सांगणारे सहा शंख एका कपाटात पडून आहेत. सह्याद्रीच्या कड्यावरचा शंख अजून कपाटात गेलेला नाही. येत्या पावसाळ्यात तो पुन्हा ओल्या दगडावर येईल, पोटातल्या पायाने इंचाइंचाने सरकत. त्याला तेथेच ठेवण्यासाठी लागणारे ज्ञान, कायदा आणि माणसे आज हाताशी आहेत. आता फक्त दोन टेबले एकमेकांजवळ ओढायची आहेत.